साहेब आले त्या दिवशी लाइन गेली नाही

बुधवार, दुपारचे पावणेदोन

तीर्थरूप वामनमामाजी,

तुम्हाला आणि मामीजींना निकिताचा वाकून नमस्कार. मामीजींचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी पाठवलेलं तेल त्यांनी लावलं की अजून कपाटातच आहे? आमच्याकडे सगळे मजेत आहेत. (हे वाक्य सवयीने लिहिलं गेलं, पण ते पूर्ण खरं नाही. आईला घामोळं आलं आहे आणि बाबा चार दिवसांपासून माझ्याशी आईमार्फत बोलतात. बाकी मजेत.) फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. लाइन सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेली (आज ती तालुक्याहूनच बंद आहे), फोन मेला आहे आणि चक्कीवाल्या मानीबाईंचे जावई उद्या तुमच्या महागावला येणार आहेत, म्हणून त्यांच्या हाती पत्र देते.

मामाजी, गावात काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही! तुम्हाला माहीत आहे, घरात शाळेत गेलेली मी पहिलीच, त्यामुळे गावातला कोणताही कागद आधी माझ्यापुढे येतो. लाइटच्या बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे असतं, तेसुद्धा बाबा मला मोठ्याने वाचायला लावतात आणि शेवटी विचारतात, "म्हंजे भराच लागते ना?" तर यंदा आपल्या डीपीने, त्या लहानशा ट्रान्सफॉर्मरने, असा छळ मांडला की लोक म्हणाले, निकिताने अर्ज करावा. मी म्हटलं, पुराव्याशिवाय अर्ज करणार नाही. शेहेचाळीस दिवस मी वहीत लिहिलं, लाइन किती वाजता गेली, किती वाजता आली. (एकदा मी आंघोळीला होते तेव्हा ती गेली. त्या नोंदीपुढे 'अंदाजे' असं लिहिलं आहे.) याचा परिणाम असा झाला की लोक मलाच लाइनवाली समजायला लागले. मानीबाई रोज चक्कीतून ओरडून विचारायच्या, "काहून वो निकिता, आज कवा सोडतं लाइन? दळण पडून राह्यलं ना!" दोन बायकांनी तर मी वही बंद केली म्हणजे लाइन येईल असं ठरवून वही काढून घ्यायचा प्रयत्न केला.

अर्ज गेला आणि मामाजी, उत्तर आलं! फकिराभाऊ लाइनमन स्वतः सांगायला आले की शनिवारी वरचे साहेब डीपी पाहायला येणार, लाइन खरंच तशी जाते का ते बघणार, आणि पटलं तर मोठी डीपी देणार. मोठी डीपी! मला रात्रभर झोप नाही. साहेब गावात येणार म्हणजे गाव नीट दिसायला हवं, म्हणून शुक्रवारी मी घरोघर जाऊन सांगितलं की रस्त्यावरची गुरं बांधा, साहेबांसाठी चहात साखर कमी टाका, आणि खांबावरच्या तारेवर ज्यांनी परस्पर आकडे टाकले आहेत त्यांनी कृपा करून ते काढून ठेवा. लोकांनी माझं इतकं मनापासून ऐकलं की मला भरून आलं. आपल्या बाबांनीसुद्धा कूलरचा आकडा काढून गोधडीत गुंडाळला.

शनिवारी अकरा वाजता साहेब आले, डीपीखाली खुर्ची टाकून बसले आणि सगळं गाव लाइन जायची वाट पाहू लागलं. रोज सव्वाअकराला जाते. सव्वाअकरा झाले, गेली नाही. साडेअकरा, नाही. मी वही उघडून उभी. मानीबाईंनी रिकामी चक्की सुरू केली. ज्यांच्याकडे मीटर होतं त्यांनी कूलर, इस्त्री, मिक्सर, जे होतं ते चालू केलं. एकाने लग्नासाठी आणलेला हॅलोजन भर उन्हात लावला. "आता जाते, पाह्य!" असं कोणीतरी दर पाच मिनिटांनी म्हणायचं आणि सगळे वर बघायचे. ज्या लाइनला आम्ही शेहेचाळीस दिवस शिव्या दिल्या (मी दिल्या नाहीत, पण मनात होत्या), ती जावी म्हणून एका आजींनी मारुतीला नारळ कबूल केला. ती गेली नाही ती नाहीच. डीपी मांजरासारखी गुरगुरत होती.

दीड वाजता साहेबांनी कागद पुढे केला, 'तक्रारीचे निवारण झाले, समाधान आहे.' सही अर्जदाराची, म्हणजे माझी. मोठी डीपी गेली, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. सही करावी तर आधीचे शेहेचाळीस दिवस खोटे ठरतात, न करावी तर डोळ्यांसमोर लाइन चालू. शेवटी मी लिहिलं, 'आज सकाळी ११ ते दुपारी १.३० एवढ्या वेळेपुरते समाधान आहे,' आणि सही केली. साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला आणि विचारलं, "मग बाई, आज वेगळं काय झालं?"

आणि मामाजी, तेव्हा माझ्या लक्षात आलं! आकडे! सगळे आकडे मीच काढायला लावले होते, मग डीपीवर भार येणार कुठून? मागे सगळं गाव उभं. बाबा माझ्याकडे असे बघत होते की तसं त्यांनी दहावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं. खोटं मला बोलता येत नाही, आणि खरं बोलले असते तर अर्ध्या गावाची गोधडी उघडली असती. मी म्हटलं, "साहेब, आज तुम्ही आले. एवढंच वेगळं."

फकिराभाऊंनी तोंडावर दुपट्टा धरला. साहेब आधी गंभीर होते, मग हसले ते खोकला लागेपर्यंत. म्हणाले, मला कळलं. ज्यांचं मीटर नाही त्यांनी अर्ज करा, ज्यांचं आहे त्यांनी तारेवरचं काढा. खरा भार कागदावर दाखवा, मोठी डीपी देतो. यादी या बाईंनी करायची, आणि गावात एकही आकडा उरला नाही असं त्यांनीच लिहून द्यायचं. मुदत येत्या सोमवारपर्यंत. पुढच्या वेळी मात्र सांगून येणार नाही.

गावात आकडे टाकणारी सदतीस घरं निघाली. मला वाटलं होतं लोक भांडतील, पण मानीबाईच पहिल्या आल्या. "लिही बापा, चक्की तरी चालन!" छत्तीस घरांच्या सह्या झाल्या आहेत. इतका आनंद मला बारावी झाले तेव्हाही झाला नव्हता.

मामीजींना गुडघ्यावर जास्त चालू देऊ नका.

तुमची,
निकिता

ता.क. सदतिसावं घर आपलं आहे. शनिवारी साहेबांची गाडी वळली आणि बाबांनी गोधडीतून आकडा काढून पुन्हा टाकला. आखाजीच्या सणाला तुम्ही आला होता, कूलर बंद होता आणि "माह्या बहिणीच्या घरी मी घामानं मरू काय?" म्हणत तुम्ही स्वतः बांबू घेऊन तो टाकला होता, आठवतं? बाबा म्हणतात, "साळ्याच्या हातची वस्तू हाये. मी काढला तं वामनराव म्हणतीन, बहीण दिली त्या घरी माही किंमत नाही." तर मामाजी, तुम्हाला राग येणार नाही, असं दोन ओळींत बाबांना लिहून द्या. मानीबाईंचे जावई रविवारी परत येतात. तार पुसून, गुंडाळून मी तुम्हाला परत पाठवीन, बांबूसकट.

ता.क. २ पत्र संपता संपता, ३.२० ला लाइन आली. म्हणजे वर लिहिलेलं 'फोन मेला आहे' हे आता खरं राहिलेलं नाही, तो चार्ज होतो आहे. पण चार्जर कूलरच्या बोर्डावर, म्हणजे तुमच्या आकड्यावर लागला आहे, म्हणून मी त्यावरून बोलणार नाही. पत्रानेच कळवा.