नव्या पाण्यापुढची वाट

॥ श्री ॥

मी, वत्सलाबाई, कै. गोविंदराव यांची धाकटी कन्या, वय वर्षे एकाहत्तर, राहणार मेलकावेरी, कुंभकोणम्, धंदा पूर्वी पापनाशम् स्टेशनावर तिकिटे देणे व हल्ली सायकल चालवणे, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपणाचे शब्द वकिलांनी सांगितले म्हणून लिहिले. खरे पाहता दडपण आहे, आणि ते पाण्याचे आहे. कल्लणैच्या धरणाचे दरवाजे परवा उघडले. नवे पाणी कोरड्या कावेरीतून वाळू चाटत इकडे निघाले आहे आणि आज दुपारी ते आमच्या बागेच्या वळणाशी पोचेल. ते आले की मी त्याच्यापुढे सायकल घालून निघणार, ते जाईल तिथवर, जमलेच तर पूम्पुहारला समुद्रापर्यंत. कालपासून मला जेवणही सुचलेले नाही.

मृत्युपत्राची कल्पना माझी नाही. माझा भाचा विजयेंद्र, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, काल दारात हात पसरून उभा राहिला. म्हणाला, "आत्या, तुम्ही कोठें पाहिजे तेथें जा. पण पैले लिहून सही करा. त्याशिवाय तुमची सायकल बागेपुढें जात नाही." मी शब्द दिला. दिलेला शब्द मी मोडत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

हे मराठीत लिहिते, कारण भांडणे मला मराठीतच जमतात. आमच्या घरात बोलतात ती तंजावरी मराठी ऐकून पुण्याकडचे लोक हसतात, म्हणून लिहायची मराठी मी पुस्तकांतून शिकले. तमिळ भाषांतर वकील करतील. त्यांनी माझे टोमणे गाळू नयेत.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रम्या करील. ती इथल्या बँकेत अधिकारी आहे आणि दर रविवारी पहाटे आमच्या सायकलवाल्यांच्या टोळीच्या पुढे असते. चढ आला की ती मागे वळून मला पाहत नाही, म्हणून ती मला आवडते.

कलम दुसरे. जो या कागदावर साक्षीदार म्हणून सही करील त्याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. या कागदात त्याच्या नावे कुठेही काही लिहिले असले तरी ते सहीबरोबर रद्द समजावे. कायदा काय म्हणतो ते वकिलांनी सांगितले, पण हा माझा स्वतःचा नियम आहे. ताकाला जाऊन भांडे लपवणारी माणसे मी तिकिटाच्या खिडकीतून पुष्कळ पाहिली. साक्षीदार दोन: शेजारीण अलमेलू, आणि स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती ओतणारा सुंदरेश, जो आमच्या टोळीतच आहे. अलमेलूचा माझ्या दगडी रगड्यावर फार दिवस डोळा होता. या नियमामुळे तो तिला आजच सकाळी उचलून देऊन टाकला. आता तिने इडली पाठवण्यात हयगय करू नये.

कलम तिसरे. माझी बारीक टायरची, वाकड्या हँडलची सायकल रम्याला द्यावी. सीट वर करून घ्यावी, माझे पाय तिच्यापेक्षा तोकडे आहेत.

माझा थोरला भाऊ त्रिविक्रम, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो आणि जो आता चेन्नईत असतो, त्याला पितळी घंटी द्यावी. ही घंटी माझ्या पहिल्या सायकलची. नोकरी लागल्यावर घेतलेल्या त्या सायकलीवर मी साडी खोचून, कावेरीच्या बांधावरून रोज पापनाशमला जात असे. बसने लवकर पोचता आले असते. पण बांधावर बस नव्हती, लॉरी नव्हती, हॉर्न नव्हता. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला केळीची बने आणि भाताची शेते, डोक्यावर बांबूची कमान, आणि खंड्या पक्षी तारेवरून माझ्याबरोबर पुढे पुढे उडत येई. स्टेशनावर मी पोचे तेव्हा इतकी खूश असे की उशिरा येणाऱ्या गाड्यांबद्दल प्रवाशांना मीच हसून सांगत असे. मग तंजावरहून स्थळ आले. नवरामुलगा म्हणाला, लग्नानंतर सायकल बंद. मी म्हटले, नोकरी सोडीन एक वेळ, सायकल नाही. ते लोक उप्पुमा खाऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी देवळात असताना अण्णाने सायकल एका दूधवाल्याला विकून टाकली. घंटी चिंचेने घासायला काढून ठेवली होती, तेवढी वाचली. मी पुढच्या पगारात दुसरी सायकल घेतली आणि अण्णाशी दिवाळीपर्यंत बोलले नाही. अण्णाने ही घंटी रोज सकाळी एकदा वाजवावी. रागावून नव्हे, मी आले आहे असे समजून वाजवावी.

कलम चौथे. मेलकावेरीचे घर अण्णाच्या नावावर आहे, मी फक्त हयातीपर्यंत त्यात राहते, तेव्हा त्यात मला देण्यासारखे काही नाही. बँकेतली ठेव मात्र माझी. तिच्या व्याजातून दर उन्हाळ्यात बांधाच्या वाटेवर ताकाचे माठ ठेवावेत. ताकात आले घालावे आणि मिरची कमी. उन्हात सायकल मारून आलेल्याला ठसका लागला तर पुण्य मिळत नाही.

कलम पाचवे. आता मुद्द्याचे.

कावेरीकाठची नारळीची बाग वडिलांनी दोघांत वाटली. नदीकडची पट्टी मला, आतला मोठा भाग अण्णाला. बाग वळणावर आहे. जुन्या एका पुरात तिथला बांध खचला आणि तेव्हापासून बांधावरची वाट खाली उतरून माझ्या पट्टीतून जाते व पलीकडे पुन्हा बांधावर चढते. ही पट्टी बंद झाली तर कल्लणैपासून इथवर सुखाने आलेल्या माणसाला मोठ्या रस्त्यावर जावे लागेल, जिथे बसवाले सायकल दिसली की आणखी जोरात हाकतात. दुसरी वाट नाही.

विजयेंद्रला आतल्या भागात लग्नाचा हॉल बांधायचा आहे, नदीकडे फाटक असलेला. फाटकाचे दगडी खांब मागच्या महिन्यात येऊन माझ्या पट्टीच्या कडेला पडले आहेत. मी मरायची वाट पाहत ते तिथे आडवे झोपले आहेत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो प्रकार. मी त्याला विचारले, तर म्हणाला, "कसाला आत्ता तें बोलणें? तुम्ही आहात तोंवर मी हात लावत नाही." म्हणजे नंतर लावणार.

तरी ही पट्टी मी विजयेंद्रलाच देते. घरची जमीन घरात राहावी असे वडील म्हणत, आणि मी त्यांचे बाकी काहीच ऐकले नाही. अट एवढीच की पायी चालणाऱ्याला, सायकलवाल्याला आणि गुरांना त्यातून जाण्याचा हक्क कायम राहावा व फाटक बसवू नये. वकील म्हणतात, असल्या अटीवर पुढे कोर्टकज्जे होतात आणि तोवर फाटक बसलेले असते. मलाही तीच भीती आहे, ती मी लपवीत नाही. काही कारणाने त्याने ही पट्टी घेतली नाही किंवा तिच्यावरचा त्याचा हक्क गेला, तर ती रम्याने टोळीच्या नावाने, वाट उघडी ठेवण्यासाठी घ्यावी.

विजयेंद्र, तूं हे वाचशील तेव्हा मी नसेन, म्हणून आठवण करून देते. तूं पहिलीत होतास. पाणी येणार म्हणून तुला शाळेतून पळवून मी कॅरियरवर बसवले आणि आपण स्वामीमलैच्या पुढे जाऊन थांबलो. कोरड्या वाळूत आधी बगळे दिसले, पाण्याच्या पुढे पुढे चालणारे, वाळूतून पळणारे किडे टिपणारे. त्यांच्यामागे फेस, सुकी पाने, कोणाची तरी चप्पल, आणि मग ते मातकट पाणी, पायरी पायरीने, वाट विचारत आल्यासारखे. आपण पुढे जायचो, घाटावर बसायचो, ते आले की पुन्हा पुढे. तूं मागे बसून सबंध वाटभर गात होतास. वळणाशी पाणी एका खड्ड्यात अडकले तेव्हा तूं रडायला लागलास, आणि ते भरून पुढे सरकले तेव्हा टाळ्या वाजवल्यास. त्या दिवसाइतका आनंद मला दुसऱ्या कशाचा झाला नाही.

कलम सहावे. माझ्या अस्थी कावेरीतच सोडाव्यात. नदी कोरडी असेल तर थांबावे, घाई करू नये. वाळूत टाकू नये. नवे पाणी येईल त्या दिवशी, बागेच्या वळणावर, त्याच्या तोंडाशी सोडाव्यात. आणि तिथवर सायकलीवरून न्यावे. व्हॅन बोलावली तर मी कोणालाही क्षमा करणार नाही.

येथपर्यंत घरी लिहिले. पुढचे बागेत लिहीत आहे, फाटकाच्या एका आडव्या खांबावर कागद ठेवून. खांब या कामाला फार चांगला आहे.

अलमेलू आली आहे, कपाळाला हळद, हातात नारळ, नदीला वाहायला फुले. माझी सायकल झाडाला टेकून तयार आहे. सुंदरेश नाही. त्याला फोन लावला, तर तो पहाटेच नदीच्या वरच्या अंगाला कपिस्थलमला जाऊन पाण्याबरोबर निघालेला. म्हणाला, "वत्सलाम्मा, पाणी सोडून सही करायला येऊ काय? मी पाण्याच्या पुढे नाही, मागे आहे. येतोच." हा 'येतोच' पाण्याच्या मागून येणार, आणि मला निघायचे आहे पाण्याच्या आधी. रम्या बँकेत आहे आणि सायकल तिच्या नावे लिहिली आहे, तेव्हा कलम दुसऱ्यामुळे तिला साक्षीला घेता येत नाही. घोडे इथे पेंड खात बसले.

विजयेंद्र आपल्या जुन्या सायकलीवर आला. मी निघते की नाही ते पाहायला. त्याने कागद मागितला आणि सगळा उभ्याने वाचला, कलम पाचवे दोनदा. मग त्याच खांबावर माझ्या शेजारी बसला. वरच्या वळणाकडून कोणीतरी ओरडले, "तण्णी वंदाच्चु", पाणी आले. बगळे दिसू लागले.

मी म्हटले, "दिलेल्या शब्दाने अडकले मी. या वर्षी राहिले माझे."

तो म्हणाला, "आत्या, साक्षीदार किती पाहिजेत?"

"दोन."

"पेन द्या."

मी म्हटले, "कलम दुसरे पुन्हा वाच. सही केलीस तर पट्टी तुझी राहत नाही. नियम तुझ्यासाठी मोडणार नाही."

"वाचलें. असकें वाचलें," तो म्हणाला, असकें म्हणजे सगळे. "तुम्ही आधी सही करा, मग आम्ही. लवकर करा, तें खड्ड्यापर्यंत आलें." माझे डोळे भरून आले आणि अक्षर वाकडे आले, ते माझेच आहे असे समजावे. अलमेलूला मराठी कळत नाही, तिला मी सगळे तमिळमध्ये सांगितले. तिने पदराला डोळे पुसले आणि सही केली.

या मृत्युपत्रावर मी दोघांच्या समोर सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली. पाणी आता बागेच्या पायरीशी आहे. मी निघते.

स्थळ: नदीकाठची बाग, मेलकावेरीजवळ, कुंभकोणम्
दिनांक: १७ जून २०२५

(सही) वत्सलाबाई

साक्षीदार
१. (सही) अलमेलू, शेजारीण, मेलकावेरी. रगडा सहीच्या आधी मिळाला.
२. (सही) विजयेंद्र, त्रिविक्रमराव यांचा मुलगा. कलम दुसरे वाचून सही केली. आत्याबरोबर पाण्यापुढे जात आहे, परत आल्यावर खांब उचलून नेईन.