मनगटावरचा हात

४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सोडवलेलं कोडं मिळालं. बाबा गेल्यावर मेडिकल कॉलेजात त्यांच्या जागी शिकवायला लागल्यापासून मीही दर आठवड्याला वर्गासाठी शब्दकोडं करते. त्यांच्यासारखंच, रोग आडवे, लक्षणं उभी आणि एका ओळीला सूचनाच नाही. तिचं उत्तर वॉर्डात, खाटेजवळ, असं ते म्हणायचे. पोरं कुरकुरतात, पण जाऊन रोगी बघून येतात.

बाबा प्रत्येक कोडं आधी तुझ्यावर आजमावायचे, म्हणून मीही तुलाच छळते. पण आत्या, अक्षरं किती बारीक! भिंग घेऊन बसले. शाई महागली का?

माया असू दे.
तुझी ठमी

११ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

भिंग घे नाहीतर दुर्बीण, माझा इलाज नाही. हसू नकोस, पण कोडं घेऊन बसले की दादा येतो. पहिलं घर मी ठसठशीत भरते, मग मनगटावर हात पडतो आणि पेन पुढे सरकता सरकत नाही. उत्तर चुकायला लागलं की तो असाच मनगट धरायचा. गेला, पण खोड काही गेली नाही.

भीती नाही वाटत. घरात कुणीतरी आहे, एवढंच.

जेवत जा वेळेवर.
तुझी आत्या

१६ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. बाबांची शेवटच्या वर्षातली कोडी काढून तुझ्या कोड्यांशेजारी मांडली. दोघांचंही तेच. ओळीतलं पहिलं अक्षर मोठं, पुढची आक्रसत गेलेली. बाबांचं हृदय सगळ्यांनी तपासलं, अक्षराकडे कुणीच पाहिलं नाही.

मला कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची, शंका येते; त्यात कधी कधी हात कापायच्या आधीच जखडतो आणि अक्षर आक्रसतं. कागदावरून सांगू नये, म्हणून रविवारी येते. तुझी चाल बघेन, मनगट हलवून बघेन. औषधाने हात मोकळा होतो, घाबरू नकोस.

काळजी घे, मला तू हवी आहेस.
ठमी

२० जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

ये. चालायला लाव, मनगट हलव, काय हवं ते कर. शेजारीण म्हणते मी पाय ओढत चालते, म्हणजे तुझं खरंच असणार.

औषध घेईन. पण ठमे, तो रोग असेल तर माझ्या मनगटावर कुणीच नव्हतं. हात मोकळा होईल आणि घरही. रोगापेक्षा मला त्याचंच भय वाटतं.

येताना एक नवं कोडं आण. औषध सुरू करण्याआधी आम्हा दोघांना तेवढं सोडवू दे.

लोभ धरून ठेव.
तुझी आत्या