मी न तोडलेलं जंगल

पेण, २० मे १९९७

चि. यज्ञेशराव यांस, त्र्यंबक सासऱ्याचे अनेक आशीर्वाद.

तुमची, मैथिलीची आणि बडोद्याच्या उन्हाची खुशाली कळवावी. इकडे सगळे ठीक. माझा रक्तदाब तेवढा वर गेला आहे आणि त्याला कारण तुमची कंपनी आहे. जावयाला रागाने लिहू नये असं तुमच्या सासूबाईंनी बजावलंय, म्हणून मी तुमच्यावर नव्हे, तुमच्या उपग्रहावर रागावतो आहे. (तो कुणाचा जावई नाही.)

रोह्याजवळचा आपला माळ तुम्ही पाहिलाय. लग्नानंतर तिथे नेलं, तेव्हा सावली नाही म्हणून डोक्याला रुमाल बांधून बसला होतात. गवत, करवंदाच्या जाळ्या आणि लांब लांब उभी असलेली थोडी ऐनाची झाडं. आजोबांच्या वेळेपासून हे असंच आहे. तर तुमच्या कंपनीने उपग्रहाच्या फोटोवरून केलेल्या नकाशात हा माळ ‘दाट जंगल’ म्हणून गडद हिरवा रंगवलाय! पावसाळ्यात ढग, म्हणून फोटो काढलात पाऊस सरल्या सरल्या. तेव्हा गवत कमरेएवढं, हिरवंगार. वरून बघणाऱ्याला गवत काय नि झाड काय, सगळी भाजीच.

तो नकाशा बघून इथल्या एका मंडळाने जानेवारीत ‘जंगल राखल्याबद्दल’ माझा सत्कार केला. मला वाटलं, ऐन तोडू दिले नाहीत म्हणून असेल. भाषणही ठोकलं. (लांबलं, असं तुमच्या सासूबाई म्हणतात.) आणि एप्रिलात वनखात्याच्या कचेरीतले साहेब तेच जंगल बघायला आले! तोवर गवत कापून झालेलं, ऐनांवर पान नाही, सगळा माळ केळीच्या वाळल्या सोपटासारखा. साहेबांनी एकदा नकाशा बघितला, एकदा माळ, आणि मला विचारलं, “जंगल कुठं गेलं?” मी हसलो. ते हसले नाहीत. आठवड्यात नोटीस आली: विनापरवाना वृक्षतोड!

आयुष्यभर शाळेत मुलांना झाडं लावायला शिकवलं, आणि आता बाजारात लोक विचारतात, “मास्तर, लाकूड कुठं विकलंत?” अंगाचा तिळपापड होतो हो. साहेबांना पुन्हा माळावर नेलं. म्हटलं, जंगल तोडलं तर बुंधे राहतील, दाखवा एक तरी. आमचं गवत कापणारा गुणाजीही सांगत होता, “सायब, हितं गवताबिगर काय नाय, कंदी नव्हतं.” साहेब बुंधा शोधता शोधता वाळल्या गवतावरून घसरले आणि थेट करवंदाच्या जाळीत बसले. काटे काढून झाल्यावर त्यांनी शेरा लिहिला: ‘आरोपीने बुंधेही समूळ उपटून नेले.’ समूळ! या वयात मला पिशवीतला नारळ उचलवत नाही!

शेवटी तुमच्या सासूबाई उठल्या. गवताचा एक भारा रिक्षात घालून कचेरीत गेल्या आणि साहेबांच्या टेबलावर टाकला. म्हणाल्या, “हे घ्या तुमचं जंगल. लवकर मोजा, म्हशीला घालायचंय.” साहेबांना शिंका आवरेनात. पण तेव्हा कुठे ते म्हणाले, की नकाशावाल्यांनी लेखी दिलं तर प्रकरण मिटवतो. तेव्हा हिरवं दिसतं ते गवत आहे, एवढं कंपनीकडून लिहून घेऊन ताबडतोब पाठवा. आणि तुमच्या कंपनीतल्या साहेबांना सांगा, की नकाशा करणाऱ्याने वर्षातून एकदा तरी जमिनीवर उतरावं.

आपला,
त्र्यंबक

ता. क. मैथिलीला हे पत्र वाचायला देऊ नका. ती मला ओरडेल.

ता. क. दुसरा. शेजारच्या हैबतरावांनी भातशेताचा बांध रात्रीतून दोन हात आमच्याकडे सरकवलाय, असा मला दाट संशय आहे. तुमच्या उपग्रहाला तो कुठल्या फोटोत दिसत असला, तर कृपया तसंही लिहून द्या. उपग्रहाने सांगितलेलं कुणाला खोडून काढता येत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.