जिपशीचे कान

ता. ९ जुलै १९१७

बसऱ्याहून, लढाईवरून ह्यायचा कागद आला! शेषराव मास्तरायनं ओसरीत बसून साऱ्यायले वाचून दाखवला. मामाजीले, म्हणजे सासऱ्यायले, अन् सासूबाईले दंडवत. पलटणीची खेचरं बरी हायेत. ऊन लय हाये. अन् मंग — "जिपशीचे कान कसे आहेत? पावसाळ्यात सांभाळा."

मी दाराआड कानात जीव आणून उभी होती. माह्यासाठी एक अक्षर नाही! चारचौघात बायकोचं विचारायची रीत नाही, हे काय मले समजत नाही? पण आडून तरी? दहा महिने झाले, बाप्पा! मले लिहिता येते हे घरात कोणाले ठाऊक नाही. ह्यायनंच चोरून शिकवलं. मंग आता ते कोणाले लिहितील, अन् मी कशी लिहू?

ता. १२ जुलै

जिपशी सारखी मान झटकून राह्यली. कानाले वास येते. विलायती कुत्री, मलकापूरच्या साहेबानं जातानी ह्यायले देल्ली. वीतभर कान, खाली लोंबते. आपल्या गावठी चित्र्याचे कान उभे, त्याले कानाचं दुखणंच नाही. त्याले खरूज! पण गंधक अन् करंजाचं तेल चोपडलं की तो महिन्यात बरा. ही नाजूक.

लेकराच्या कानात घालतात तसं कोमट तेल घातलं. रोज घालीन. माह्या मांडीवर दुसरं हाये कोण?

ता. १९ जुलै

रोज तेल घालून राह्यली, तरी वास वाढतेच. वाईट वाटते. खरं सांगू? रागही येते. ह्यायनं तिचं विचारलं, माह्यं नाही! अन् तरी तिलेच कवटाळून बसते. तिच्या पाठीवरून ह्यायचा हात फिरलेला हाये.

ता. २३ जुलै

मामाजीनं रहेमतुल्ला चाचाले बोलावलं. घोड्याबैलायचे इलाज करतात. कान उलटा करून पाह्यला अन् चमकले. "तेल कोनं टाकलं?"

"मी."

"अरे बेटी! लटकता कान, अंदर हवा नाही. वरून तेल! याले सुका ठेवा लागते."

आत किडे पडले होते. चाचानं चिमट्यानं काढले, सीताफळाच्या पाल्याचा रस सोडला. दोन्ही कान डोक्यावर बांधायले सांगतलं. मी लुगड्याची पट्टी फाडली. सासूबाई म्हणे, "घ्या! सुनेनं कुत्रीची वेणी घातली!" सारे हसले. मले हसू आलं नाही.

ता. २४ जुलै

पाणी पेत नाही.

ता. २९ जुलै

जिपशी गेली. सकाळी, माह्या मांडीवर.

माह्या हातानं गेली. चाचा म्हणे, "किडे मगजात गेले." पण तेल कोणाचं होतं? ह्यायनं एवढ्या मुलखातून एकच गोष्ट मांगतली, तीही सांभाळता आली नाही मले. आता परत आले तरी माह्या तोंडाकडे पाहतील काय?

मामाजीनं मास्तरायकडून कागद लिहवून घेतला. "सुनेनं तेल घातलं, कान सडला, कुत्री मेली." असं सरळच!

ता. ८ ऑगस्ट

अन्न जात नाही. सासूबाई रागावल्या, "कुत्रीसाठी कोणी उपाशी राह्यते काय वं?" कुत्रीसाठीच नाही ना! पण सांगू कोणाले?

ता. ३० ऑगस्ट

टपाल नाही.

ता. १७ सप्टेंबर

आजही नाही. रागावले असतील.

ता. २२ सप्टेंबर

कागद आला. मास्तर वाचत होते — "कुत्री गेल्याचं कळलं. त्या जातीचे कानच तसे, कोणाचा दोष नाही. कोणी कोणाला बोलू नये." मंग शेवटी — "जिपशी कशी आहे? वेळेवर जेवते का? तिला म्हणावं, रडू नकोस. दिवाळीनंतर रजा मिळते आहे."

मास्तर थबकले. पुन्हा वाचलं. मामाजी म्हणे, "मेल्या कुत्रीले जेवण काऊन इचारते हा? उन्हानं डोकं फिरलं काय पोराचं?"

मी पदर तोंडात कोंबून चुलीपाशी पळाली. दोन भाकरी खाल्ल्या. गरम गरम.