सोमवारपर्यंत न गिळलेला घास

त्सोमो, मंगळवार

प्रिय दादा, ज्वारा कुळातल्या थोरल्या भावा,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता वाकतो का? केप टाउनच्या डॉक्टरांना सांग, आमच्या घराण्यात गुडघे टेकायची सवय नाही, म्हणून वेळ लागतोय. इकडे सगळे खुशाल आहेत, तुझी एक शेळी सोडून. तिच्याबद्दल पुढे येतंच आहे.

तुझ्या मुलाच्या, लुक्सोलोच्या लग्नाची बोलणी तू माझ्यावर सोपवलीस. त्याची होणारी बायको वुयेल्वा सोमवारी वकीलबाईंसमोर लग्नाआधीच्या करारावर सही करून घेणार होती, हे तुला ठाऊक आहेच: तिची बेकरी तिची, त्याचे धंदे त्याचे. करार नसेल तर लग्नाबरोबर सगळं दोघांचं होतं, आणि लुक्सोलोच्या धंद्यांचं नशीब आपण पाहिलंय (कोंबड्या आठव. बोअरवेलचं यंत्र तर आठवूच नकोस). पुढचा धंदा बुडाला की बेकरीची भट्टीही त्याच्याबरोबर उचलली जाणार. तरीही मी कराराच्या विरुद्ध गावभर गरजत होतो. ज्या देशात माणसांना अलग ठेवण्यासाठी इतके कायदे लिहिले गेले, तिथे नवराबायकोंनी स्वतःहून आणखी एक लिहायचा? टाळ्या पडल्या रे.

शनिवारी वधूमूल्याच्या गाईंची बोलणी जुळली. अंगण माणसांनी भरलेलं. एवढे श्रोते पुन्हा कधी मिळणार? सुनेला घरात घेण्याची शेळी पुढच्या शनिवारी कापायची होती, ती मी तिथेच कापायला लावली. वुयेल्वाला रीतीप्रमाणे मांसाचा घास दिला, ताकाचा पेला दिला आणि मी उठलो. चाळीस मिनिटं बोललो. पोरगी मान खाली घालून, तोंड मिटून ऐकत होती. मनात म्हटलं, सून असावी तर अशी!

सोमवारी कोमानी शहरात त्या वकील म्बोवाने बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "सुनेनं घास खाल्ला का?" मी अभिमानानं म्हणालो, खाल्ला. बाईंनी पेनचं टोपण लावलं. "मग लग्न झालंच की, बाबा! आता हा करार माझ्या हातात नाही. कोर्टात जा." लुक्सोलो माझ्याकडे वळला. "काका, एक आठवडा गप्प बसवलं नाही तुम्हाला?" दादा, त्या पोरीची भट्टी माझ्या जिभेनं घालवली होती.

तेव्हा वुयेल्वानं पर्समधून रुमाल काढून टेबलावर उलगडला. आत तो घास, अख्खा! "गालात धरला होता, काका. ताक नुसतं ओठांना लावलं. तुमच्या भाषणात दोनदा वाटलं, आता गिळतेय." रुमाल आपल्या नोझिबेले ताईचा. घास हातात घेण्याआधीच पोरीनं तिला सांगून ठेवलं होतं, "आत्या, सोमवारपर्यंत मी सून नाही. होकार त्यानंतर." ताईनं तसं लिहूनही दिलं होतं. वकीलबाई (तीस वर्षं हेच काम करतात) खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, होकार नाही तर लग्न नाही. आणि टोपण काढलं.

मी सभा गाजवल्या, तुरुंग पाहिला, कपाटं भरून पुस्तकं वाचली. पण चाळीस मिनिटं तोंडात घास धरून एक शब्द न बोलता स्वतःचं घर राखणारा माणूस मी पाहिला नव्हता. सही झाल्यावर मी तिला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "काका, थोडक्यात." कराराबद्दलची माझी सगळी भाषणं मी या पत्रानं मागे घेतो.

तुझा धाकटा,
फकामिले

ता. क. पहिली शेळी हिशेबात धरली जाणार नाही. दुसरी पाठव. बोलणार कोणी नाही, असं ठरलंय.

ता. क. या पत्राचं खरं कारण आता लिहितो. मादलोमोबाईंच्या घरी राहायला जायचं माझं ठरतंय. दोघंही एकटेच आहोत, तू हसू नकोस. त्यांनीही वकीलबाईंकडून कागद करून आणलाय. कलम चार: घरात एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही. स्वतःची बोलणी स्वतः करायची नसतात, ही आपली रीत. तेव्हा गुडघा वाकला की लगेच ये आणि दहाची पंधरा करून घे. तोवर मी घास गालात धरून आहे.