मारियाची टाच

मंगळवार, संध्याकाळ

आज मारियाला टेनिस कोर्टवर सगळ्यांसमोर झापलं. सहा महिने सांगतेय, फटका मारताना मागची टाच उचलून फिरू नकोस, ती वाईट खोड आहे. आज तिने हट्टाने टाच रोवून ठेवली. एकही चेंडू नेटपलीकडे गेला नाही. रॅकेट माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाई, माका जमाचा नाय. मी आता येवचंय नाय."

रॅकेट परत द्यायला तिच्या गावी, तारकर्लीला गेले. खाडीच्या काठावर ती वडिलांबरोबर मासे धरायचं जाळं फेकत होती. टाच उचलली, कंबरेतून फिरली, आणि जाळं गोल पसरलं. तीच टाच.

वडील हसले. "टाच उचलूक नाय तर जाळा पायातच पडता, बाई."

म्हणजे तिचा जोरच मी मोडत होते? तीस वर्षं शिकवतेय, अशा किती टाचा रोवायला लावल्या असतील?

मारियाला म्हटलं, "उद्या ये. टाच उचल."

"आणि परत सगळ्यांसमोर वरडलात तर?"

माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "साडेचारला. वेळेवर."

रॅकेट तिने घेतली नाही.