आम्ही म्हणतो गॉकिट

३ एप्रिल, रविवार

टॅम्सिननं आज बॉम्बच टाकला. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावणार. स्मिथ!

क्लाइव्हनं – माझ्या भावानं, तिच्या बापानं – बटाटे पुढे केले. बाबांनी काटा खाली ठेवला. "गौकथ्वेट सोडून स्मिथ? अख्ख्या इंग्लंडात दगड मारला तर स्मिथलाच लागतो!"

"आजोबा, मला फोनवर प्रत्येक वेळी स्पेलिंग सांगावं लागतं. तरी लोक चुकवतात."

"मग सांगायचं. मी जन्मभर सांगतोय."

टॅम्सिन हसली. बाबा नाही हसले. म्हणाले, मी लग्नाला येत नाही. मटण तसंच टाकून आपल्या खोलीत गेले. शहाऐंशीव्या वर्षी रुसवा! पण पोरीचे डोळे भरले ते मी पाहिले. क्लाइव्हला दोन्ही मुलीच, थोरलीनं नाव आधीच बदललेलं, मी अशी बिनलग्नाची. बाबांच्या हिशोबी आमचं नाव जूनमध्ये, ह्या लग्नाच्या दिवशी संपणार.

४ एप्रिल

खरंच, कुठून आलं असेल हे आडनाव? इतकी वर्षं दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलंय – 'बेरिल गौकथ्वेट, केशभूषा' – आणि अर्थ ठाऊक नाही. बाबा सांगतात, गौक म्हणजे ससाणा, आपले पूर्वज राजाचे ससाणे सांभाळायचे. टॅम्सिनच्या लग्नात मला खरी हकीकत सांगता आली तर? कदाचित ती आणि बाबा दोघंही वितळतील.

७ एप्रिल, गुरुवार

गावच्या सभागृहात आज गावांच्या आणि माणसांच्या नावांवर व्याख्यान होतं. बाबांना मुद्दाम घेऊन गेले. टाय बांधून आले होते. पहिल्या रांगेत.

विद्यापीठाचा तरुण माणूस, गोड बोलणारा. मी हात वर केला. तो इतका खूश झाला की खुर्चीच पुढे ओढून बसला. म्हणाला, फारच दुर्मिळ नाव! थ्वेट म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा, हजारेक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या लोकांचा शब्द. आणि गौक म्हणजे कुक्कू पक्षी. कुक्कूचा माळ! आधी शेताचं नाव असणार, मग तिथल्या माणसांचं.

"ससाणा नाही?" बाबा.

"नाही हो. कुक्कूच."

तेवढ्यात मागून एनिड सोअरबी ओरडली, "आमची आजी मूर्ख माणसाला गौक म्हणायची!"

सगळं सभागृह हसलं. बाबा उठले, टोपी घातली, चालते झाले. मी मागोमाग.

गाडीत फक्त एवढंच, "त्या सोअरबीचे केस कापू नकोस ह्यापुढे."

८ एप्रिल

एनिडचे केस कापले. बाबांना सांगितलं नाही.

१६ एप्रिल, शनिवार

क्लाइव्हनं कॉम्प्युटरवर एक नकाशा दाखवला. आडनाव टाइप करायचं, जगात कुठे किती माणसं ते दिसतं. स्मिथ टाकलं तर नकाशा गोवर आल्यासारखा लाल!

मग आमचं टाकलं. इंग्लंडात दोन बारीक ठिपके. एक आमची दरी. एक लीड्स. आणि समुद्रापार, कॅरिबियनमधल्या नेव्हिस नावाच्या चिमुकल्या बेटावर – हा एवढा मोठा डाग!

"चुकलंय यंत्र," क्लाइव्ह म्हणाला.

मला नाही वाटत.

१९ एप्रिल

लीड्सचा नंबर मिळाला. डी. गौकथ्वेट. तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. काय बोलणार? तुमचं नाव माझ्यासारखं आहे म्हणून?

२० एप्रिल

केला!

पलीकडून जाड, सावकाश आवाज. "हॅलो, डेस्मंड गॉकिट."

लिहायचं गौकथ्वेट आणि म्हणायचं गॉकिट – हे आमच्या दरीबाहेर कोणालाच माहीत नाही! शेजारच्या स्किप्टन गावातल्या बँकेतली बाई मला आजही पूर्ण नावानं हाक मारते, जीभ वळवून वळवून. आणि हा नेव्हिसमध्ये जन्मलेला, लीड्सला बस चालवून निवृत्त झालेला माणूस आमच्यासारखंच म्हणतो.

"तुम्हाला कोणी शिकवलं असं म्हणायला?"

"शिकवायचं काय त्यात, बाई? आमचं सगळं गाव असंच म्हणतं. आमच्याकडे क्रिकेटच्या टीममध्ये इतके गॉकिट, की धावा मांडणारा आडनावं लिहितच नाही."

मी आमच्या दरीतल्या जुन्या शेताचं सांगितलं तसा म्हणाला, "तुमच्याकडे त्या नावाचं शेत आहे? खरंच? मला बघायचंय."

२१ एप्रिल

बाबांना सांगितलं, लीड्सला एक गॉकिट सापडलाय. ताडकन उठून बसले. "कोणाचा? लीड्सला गेलेल्या हॅरीच्या शाखेतला? त्याला मुलं किती? मुलगे?"

तो नेव्हिसचा, हे सांगायचा धीर झाला नाही. भित्री कुठली मी!

८ मे, रविवार

सगळं नीट लिहून ठेवते.

डेस्मंड अकराच्या सुमाराला आले. उंच, कृष्णवर्णीय, पांढरी दाढी, रविवारचा सूट, हातात बायकोनं केलेल्या नारळाच्या टार्टचा डबा. दार बाबांनी उघडलं. क्षणभर बघतच राहिले.

"मिस्टर गॉकिट?" डेस्मंड म्हणाले.

तो उच्चार ऐकताच बाबांनी दार पूर्ण उघडलं. मग हात पुढे केला. "मीही तोच. आत या, वारा आहे."

चहा झाला. टार्ट बाबांनी दोन खाल्ल्या. मग विचारलंच, "तुमच्याकडे कसं गेलं हो हे नाव?"

डेस्मंडनी कप खाली ठेवला. "तुमच्या दरीतलाच कोणी तरी धाकटा मुलगा असणार. तिकडे येऊन ऊस लावला. उसाला माणसं लागतात, ती विकत घेतली. मालकाचं नाव माणसांना लावलं. मेंढीला खूण करतात ना, तसं."

मी जमिनीकडे बघत बसले.

"मग टाकून का नाही दिलंत?" बाबा. आवाज रागाचा नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"माझ्या भावानं टाकलं. बरोबर केलं त्यानं. मीही टाकणार होतो. पण आमची आजी शाळेत शिकवायची. अर्ध्या बेटाला तिनं वाचायला शिकवलं. मिस गॉकिट म्हटलं की बाजारात लोक टोपी काढायचे. मी म्हटलं, आता हे त्या माणसाचं कुठे राहिलं? हे हिचं आहे."

बाबांनी काठी घेतली. "चला. दाखवतो शेत."

फाटकापर्यंत गाडी गेली, पुढे दोघं हळूहळू चढले. घराच्या फक्त भिंती उरल्यात, आत मेंढ्या बसतात. मी खाली थांबले. दोघं दगडी कुंपणाला टेकून उभे. बाबा बोलत होते. खूप वेळ. डेस्मंडनी एकदा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

खाली आल्यावर विचारलं, काय एवढं बोललात?

"तुझ्या कामाचं नाही."

९ मे

बाबांनी आपणहून टॅम्सिनला फोन लावला! मी स्वयंपाकघरात, कान टवकारून. "स्मिथ हो नाही तर अजून काही हो. मी येतोय. पुढच्या रांगेत जागा ठेव."

कशानं बदलले? विचारलं तर म्हणतात, तुला कटकट नको होती ना?

११ जून, शनिवार

लग्न झालं. टॅम्सिन सुंदर दिसत होती. डेस्मंड आणि त्यांची बायको आयरिस दोघंही आले. एनिड सोअरबीनं डेस्मंडना आडनाव विचारलं आणि उत्तर ऐकून तिचं तोंड उघडंच राहिलं – आयुष्यात पहिल्यांदा गप्प!

बाबा नाचले. खरंच नाचले, आयरिसबरोबर.

कुक्कूचा अर्थ मी भाषणात सांगितला. ससाण्याचा बाबांनी सांगितला. टाळ्या त्यांना जास्त पडल्या.

१२ जून, रविवार

आज चहा पिताना बाबा म्हणाले, "बेरिल, मी गॉकिट नाहीच."

दुसऱ्या महायुद्धात हल शहरावर बॉम्ब पडत होते तेव्हा पोरांना गाडीत बसवून इकडे धाडलं. बाबा त्यातले एक. वरच्या शेतावरच्या एडिथ गॉकिटकडे राहायला आले. लढाई संपल्यावर बाकीच्या मुलांना न्यायला आया आल्या. ह्यांना न्यायला कोणी आलं नाही. एडिथबाईनं विचारलं, आमचं नाव लावशील का रे? हे हो म्हणाले.

"आणि आधीचं आडनाव?"

बाबांनी नजर खिडकीबाहेर वळवली.

"लहान होतो गं. नाही आठवत."